तिकडे

सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी
सेमिनरी हिल्सच्या पोटातल्या आमच्या तळघरात
रेघ एकदम वर उडाली.
चहाचा कप हातात होता. कपात काही हललं नाही.
बर्डीवर शटरं वर जात होती,
अजनीहून मालगाडी सुटली होती
(तीही उमटते आमच्याकडे, केसाळ सुरवंटासारखी),
आणि पाच हजार किलोमीटरवर
कुणीतरी एक डोंगर आतून फोडला होता.

कसं ओळखता, विचारतात सहलीला आलेली पोट्टी.
सांगते, भूकंप म्हणजे भाऊबंदकी:
जमीन इकडून ढकलतात, तिकडून ओढतात.
म्हणून एका केंद्रावर पहिली रेघ वर जाते, दुसऱ्यावर खाली.
स्फोटाला ओढणं येत नाही.
तो चहूबाजूंनी नुसता ढकलतो.
नागपूर असो की नॉर्वे, सगळ्यांची पहिली रेघ वर.

बाबा हे ऐकून खूप वेळ हसले होते.
"आमच्या अकरा बैठकींचं इतिवृत्त झालं की हे!"

फाटकावरच्या पाटीवर अजून आहे:
मो. ना. गजभिये, परराष्ट्र सेवा.
'निवृत्त' हा शब्द उन्हानं खाल्ला.
त्या देशाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही.
'तिकडे' म्हणतात,
जसं एखाद्या तुटलेल्या सोयरिकीबद्दल बोलावं.
तिकडे चार हिवाळे काढले त्यांनी.
टेबलावर एकच प्रश्न: निरीक्षक आत कधी येणार?
उत्तर रोज तेच, दुभाषे तेवढे बदलत.
धान्याची जहाजं थांबवा, म्हणत एका बाजूचे.
जहाजं थांबली की तिकडचे आणखी एक बोगदा खणत.
"दोन्ही बाजूंना वाटे, आपणच धीर धरतोय," बाबा म्हणतात.

एकदा सुट्टीहून परतताना त्यांनी
काटोलची संत्री नेली पिशवीभर.
समोरच्या रांगेतला शेवटचा माणूस,
जो कधीच बोलत नसे, फक्त लिहून घेई,
त्यानं एक सोललं. फोडी खाल्ल्या, बिया रुमालात.
साल मात्र घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली
आणि टेबलाखाली, गुडघ्याच्या उंचीवर, तळहात धरला:
एवढी मुलगी आहे.
पुढच्या बैठकीला तीच खुर्ची, तीच वही.
माणूस दुसरा.

बाबांनी विचारलं नाही.
विचारणं म्हणजे त्याचं नाव कुणाच्या तरी यादीत घालणं.
अहवालात त्यांनी लिहिलं, वातावरण सौहार्दपूर्ण होतं.
हे वाक्य त्यांना अजून झोपू देत नाही,
बाकी सगळी गुपितं देतात.

मी तीव्रता लिहिली, खोली लिहिली: जवळजवळ शून्य.
दिल्लीला पाठवलं. मग घरी फोन लावला.
"काय, ढकललं का ओढलं?"
"ढकललं."
पलीकडे नळ सुरू झाल्याचा आवाज आला.
तिकडची सवय. भिंतींना कान असतात,
पाण्याच्या आवाजात माणूस थोडा खरा बोलू शकतो.
"या वेळी मोठं?"
"मागच्यापेक्षा मोठं."
"आता सगळे म्हणतील, बोलणी बंद करा.
आणि बंद खोलीत तो अजूनच..."
वाक्य राहिलं. नळ वाहत होता.
"ती पोट्टी आता तुझ्याएवढी असेल ना गं?
चौतीस-पस्तीस?"
मी म्हटलं, असेल.
"तिला सालीचा वास आठवत असेल का?
का तिच्यापर्यंत गेलीच नाही ती?"

मागून आईचा आवाज:
"अहो, तासभर येते पाणी, काऊन वाया घालवून राह्यले?
पिंप भरायचा आहे अजून!"
नळ बंद झाला.
बाबाही.

मालगाडी दूर गेली होती, रेघ सरळ झाली होती.
फोन चालूच होता. दोघांपैकी कुणी ठेवला नाही.